बुरख्याला चिकटवलेली संस्कृतीची चिठ्ठी

गेली पंचवीस-तीस वर्षं एक विधान कलादालनांच्या भिंतींवरून, प्रदर्शनांच्या पुस्तिकांतून आणि कलाविषयक लेखांतून बिनबोभाट फिरतं आहे. समकालीन कलेतला बुरखा, हिजाब किंवा चादोर हे मुस्लिम स्त्रीच्या सांस्कृतिक ओळखीचं प्रतीक आहे, असं ते विधान. वरवर पाहता त्यात खटकण्यासारखं काही नाही. उलट ते चांगलं समंजस वाटतं. बुरखा दिसला की दडपशाहीच्या नावानं ओरडणाऱ्यांपेक्षा ते सौम्य आहे, परक्या समाजाचा मान राखणारं आहे. बहुधा त्यामुळेच ते तपासून घ्यावं असं कुणाला वाटत नाही. पण ज्या कलाकृतींच्या भरवशावर ते केलं जातं, त्या एकेक करून समोर ठेवल्या की त्याचा टिकाव लागत नाही.

या विधानाची मुख्य साक्षीदार म्हणून नेहमी शिरीन नेशात यांनाच उभं केलं जातं, तेव्हा उलटतपासणीही तिथूनच सुरू व्हावी. १९५७ साली इराणमधल्या कझवीन शहरात जन्मलेल्या नेशात शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या आणि त्या तिकडे असतानाच १९७९ची क्रांती झाली. १९९० साली त्या मायदेशी जाऊन आल्या, तेव्हा मागे सोडलेला देश ओळखू येईनासा झाला होता. त्या धक्क्यातून १९९३ ते १९९७ या काळात ‘विमेन ऑफ अल्लाह’ ही कृष्णधवल छायाचित्रांची मालिका तयार झाली. त्यातलं सर्वांत परिचित छायाचित्र १९९४चं, ‘रिबेलियस सायलेन्स’. काळ्या चादोरीतला चेहरा आणि त्याचे मधोमध दोन भाग करणारी बंदुकीची उभी नळी. चेहऱ्यावर फारसी ओळी, छापलेल्या छायाचित्रावर शाईनं हातानं लिहिलेल्या. नजर थेट कॅमेऱ्यात.

चादोर, बंदूक आणि ती अक्षरं एकत्र पाहून फारसी न वाचणाऱ्या अनेक प्रेक्षकांनी परस्पर ठरवून टाकलं की ही कुराणातली वचनं असणार. ती कुराणातली नाहीत. त्या आधुनिक इराणी कवयित्रींच्या ओळी आहेत, आणि मौज अशी की या कवयित्रींचं आपसांत अजिबात जमणारं नाही. ‘ऑफर्ड आइज’ या १९९३च्या छायाचित्रात डोळ्याच्या पांढऱ्या भागात बारीक अक्षरांत उतरली आहे ती फोरूग फर्रुखजाद. स्वतःच्या देहाबद्दल आणि इच्छांबद्दल उघडपणे लिहिणारी, १९६७ साली बत्तिसाव्या वर्षी मोटार अपघातात गेलेली, आणि पुढे इस्लामी राजवटीच्या डोळ्यांत खुपत राहिलेली कवयित्री. ‘रिबेलियस सायलेन्स’वर आहे ती ताहेरेह सफ्फारजादेह, क्रांतीच्या बाजूची, हौतात्म्याचा गौरव करणारी. म्हणजे एकाच मालिकेत, एकाच प्रकारच्या काळ्या कापडाखाली, दोन इराणी बायका परस्परविरुद्ध बाजूंनी बोलताहेत. एकीला बाग वाळत चालल्याचं दुःख आहे, दुसरीला बलिदानाची ओढ आहे. हा वाद ऐकू आला नाही तर ‘विमेन ऑफ अल्लाह’ पाहूनही न पाहिल्यासारखंच. आणि सांस्कृतिक ओळखीची चिठ्ठी नेमका हा वादच पुसून टाकते, कारण त्या चिठ्ठीवर एका संस्कृतीची एकच ओळख मावते.

आता या कथित संस्कृतीचं इराणमध्ये काय झालं तेही पाहावं. ८ जानेवारी १९३६ रोजी रझा शाहनं चेहऱ्या-डोक्यावरचं आवरण काढण्याचा फतवा अमलात आणला. तेहरानच्या एका समारंभाला राणी आणि राजकन्या उघड्या डोक्यानं हजर राहिल्या आणि मग पोलीस रस्त्यांवर बायकांच्या चादोरी ओढू लागले. कित्येक जणींनी घराबाहेर पडणंच सोडलं. १९४१ साली शाह पायउतार झाला आणि ही सक्ती सैलावली. १९७९च्या मार्चमध्ये काटा उलट फिरला. सरकारी कार्यालयांत बायकांनी हिजाब घालूनच यावं, असं क्रांतीचे नेते खोमेनींनी सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी, ८ मार्चला, तेहरानच्या रस्त्यांवर हजारो बायका उतरल्या. हेंगामेह गोलेस्तान या तरुण छायाचित्रकार त्या गर्दीत होत्या. त्यांच्या छायाचित्रांत बर्फ पडतो आहे, ओव्हरकोट घातलेल्या बायका आहेत, कुणी हसते आहे, कुणी ओरडते आहे, आणि बहुतेकींचं डोकं उघडं आहे. १९८३ साली हिजाब न घालणाऱ्या बाईला ७४ फटक्यांची तरतूद कायद्यात आली.

म्हणजे १९२०च्या सुमारास जन्मलेल्या एखाद्या तेहरानी बाईला एकाच आयुष्यात, त्याच कापडापायी, दोनदा आणि दोन उलट कारणांसाठी पोलिसांनी अडवलं असण्याची पुरेपूर शक्यता आहे. याला संस्कृती म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं, पण मग पोलीस चौकीलाही संस्कृतीतच धरावं लागेल.

इथे ओळखवाद्यांकडून, म्हणजे बुरख्याला सांस्कृतिक ओळख मानणाऱ्यांकडून, एक उत्तर येतं. सक्ती वेगळी आणि कला वेगळी, कलाकार तर प्रतीक आपणहून निवडतो, असं ते उत्तर. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या कलाकाराबद्दल ते अर्धंमुर्धं खरं मानता येईल. तेहरानमध्ये बसून काम करणाऱ्यांच्या बाबतीत ते साफ चूक आहे. इराणमध्ये जाहीरपणे दाखवायच्या कोणत्याही छायाचित्रात वा चित्रपटात बाईचं डोकं झाकलेलं असणं हा नियम होता. चित्रपटातली बायको स्वतःच्या घरात, नवऱ्यासमोर, झोपायच्या खोलीतसुद्धा रुमाल बांधून वावरायची. घरात कुणी बाई अशी राहत नाही, मग ते खोटं दाखवण्यापेक्षा घरातले प्रसंगच नकोत, असं इराणी दिग्दर्शक अब्बास कियारोस्तामींचं म्हणणं होतं. फिल्म सोसायट्यांमधून कियारोस्तामी पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला त्यांच्या चित्रपटांतले रस्ते, टेकड्या आणि धावत्या मोटारी आठवतील. त्या भटकंतीमागे इतरही कारणं आहेत, पण हेही एक आहे. २००२च्या ‘टेन’मध्ये मोटारीत बसलेली एक तरुणी डोक्यावरचा रुमाल मागे सरकवते. खाली केस नाहीत, मुंडण केलेलं डोकं आहे. केस दिसू नयेत असा नियम, आणि इथे दाखवायला केसच नाहीत. नियमाच्या कचाट्यात राहून नियमाला दिलेला याहून नेमका टोला सापडणं कठीण. सेन्सॉरच्या प्रमाणपत्राला जसं कुणी दिग्दर्शकाची शैली म्हणत नाही, तसंच तेहरानमध्ये काढलेल्या छायाचित्रातल्या रुमालाला कलाकारानं निवडलेलं प्रतीक म्हणता येत नाही.

शादी गदिरियान यांचा जन्म १९७४चा, तेहरानचाच. त्यांनी १९९८ साली ‘काजार’ मालिकेला हात घातला, तो एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्र-स्टुडिओंची नक्कल करून. रंगवलेला पडदा, काजार राजवटीच्या काळातले कपडे, तशीच अवघडून बसण्याची ढब, आणि बाईच्या हातात पेप्सीचा डबा. दुसरीच्या खांद्यावर मोठा टेपरेकॉर्डर, तिसरीजवळ व्हॅक्युम क्लीनर. यातली थट्टा कळायला कलासमीक्षा लागत नाही.

त्यांची पुढची मालिका ‘लाइक एव्हरी डे’ मात्र जवळून पाहायला हवी, कारण तिच्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. प्रत्येक छायाचित्रात चादोर पांघरलेली एक आकृती आहे आणि चेहऱ्याच्या जागी घरगुती वस्तू आहे. कुठे इस्त्री, कुठे झाडू, कुठे चहाचा पेला, कुठे गाळणी, कुठे मांस कापायचा सुरा, कुठे पिवळा रबरी हातमोजा. युरोपातल्या प्रदर्शनांत हे इस्लामनं चेहरा हिरावलेल्या स्त्रीचं चित्र म्हणून वाचलं गेलं. पण जरा कापडाकडे पाहा. रस्त्यावरची काळी चादोर ही नव्हे. ही फुलाफुलांच्या, ठिपक्यांच्या, फिक्या रंगाच्या सुती कापडाची, घरात वापरायची चादोर आहे. आणि या मालिकेची कल्पना गदिरियान यांना सुचली ती स्वतःच्या लग्नात आलेल्या भेटवस्तूंवरून. हे कळल्यावर मराठी वाचकाला धर्मशास्त्र उघडावं लागणार नाही, रुखवत आठवलं तरी पुरे. लग्नाच्या दिवशी टेबलावर हौसेनं मांडलेली भांडी दुसऱ्या दिवसापासून कुणाच्या माथी येतात, हा त्या चित्रांचा विषय आहे. तो इराणी आहे तसाच सोलापूरचाही आहे. एखाद्या संस्कृतीची ओळख म्हणून तो काचेच्या पेटीत बंद केला, की पाहणारा सुटतो. हे ‘त्यांच्याकडचं’ आहे म्हणायचं आणि घरी जाऊन बायकोनं केलेला चहा प्यायचा.

ओळखवाद्यांच्या भात्यातला सर्वांत दमदार बाण अल्जीरियातून येतो. तो टाळून चालणार नाही. फ्रेंच वसाहतवाद्यांनी अल्जीरियन बाईचा पांढरा हाईक, म्हणजे अंगभर पांघरायचं वस्त्र, उतरवणं हे राजकीय काम मानलं होतं. मे १९५८मध्ये अल्जीअर्समध्ये जाहीर सोहळे करून बायकांचे हाईक उतरवण्यात आले आणि लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नी त्या चळवळीच्या पुढे होत्या. दोनच वर्षांनी, १९६० साली, मार्क गाराँजे या सक्तीच्या लष्करी सेवेवरच्या तरुणाला हुकूम मिळाला की खेड्यांतून हलवून ताब्यात ठेवलेल्या लोकांना ओळखपत्रं द्यायची आहेत, सगळ्यांचे फोटो काढ. त्यानं दहा दिवसांत सुमारे २,००० छायाचित्रं काढली, बहुतेक बायकांची. पांढऱ्या भिंतीसमोर एक स्टूल, त्यावर एकेक बाई, चेहरा उघडा करायला लावलेला. १९८२ साली पुस्तकरूपानं आलेल्या या छायाचित्रांत काही बायकांच्या कपाळावर गोंदण आहे, काहींचे केस घाईत बाजूला सारलेले आहेत, आणि डोळ्यांत जे आहे त्याला राग म्हणणं फार सौम्य होईल.

अशा परिस्थितीत चेहरा झाकणं हेच स्वत्व जपणं होतं, असं इथे म्हटलं जातं आणि आधाराला वसाहतवादविरोधी विचारवंत फ्रान्झ फॅनन यांचं नाव घेतलं जातं. फॅनन यांचा अल्जीरियातल्या बुरख्यावरचा निबंध १९५९चा. तो अर्धाच वाचला तर हा आधार मिळतोही. पण निबंधाचा पुढचा भाग आहे तो त्याच बायकांनी हाईक उतरवून, युरोपियन कपडे घालून, फ्रेंच चौक्यांमधून शस्त्रं कशी नेली याबद्दल. आणि चौक्यांवरचे सैनिक सावध झाल्यावर त्यांनी पुन्हा हाईक घेऊन त्याखाली तीच शस्त्रं कशी लपवली याबद्दल. ‘द बॅटल ऑफ अल्जीअर्स’ या १९६६च्या चित्रपटात आरशासमोर बसून केस कापणाऱ्या त्या तिघी जणी अनेकांनी पाहिल्या असतील. ज्या बायका कामाप्रमाणे कापड घालतात आणि काढतात, त्यांच्या हातात ते अवजार आहे. स्वत्व त्यांचं होतंच, पण ते कापडात कोंबलेलं नव्हतं. बाईचं सगळं स्वत्व कापडात आहे अशी समजूत होती ती फ्रेंच लष्कराची. म्हणून तर त्यांना ते उतरवायची इतकी घाई झाली होती. ओळखवादी नकळत त्याच लष्कराच्या गृहीतकावर उभे आहेत, फक्त दिशा बदलून.

या गृहीतकाला छायाचित्रकलेत आणखी जुनी वंशावळ आहे. मालेक अलूला यांनी १९८१च्या ‘ल हारेम कोलोनियाल’ या पुस्तकात विसाव्या शतकाच्या सुरुवातीची फ्रेंच पोस्टकार्डं गोळा केली. त्यांवरच्या ‘अल्जीरियन स्त्रिया’ स्टुडिओत पैसे देऊन बसवलेल्या होत्या. खिडकीचे गजसुद्धा नेपथ्याचे. पाहणाऱ्याला जी ओळख हवी होती ती ऑर्डरप्रमाणे तयार करून विकली गेली. आपल्याकडेही अशा नमुन्यांचा सोस कमी नव्हता. मुंबईत डी. बी. तारापोरवालांनी १९२० साली काढलेल्या ऑटो रॉथफेल्डच्या ‘विमेन ऑफ इंडिया’साठी महादेव विश्वनाथ धुरंधरांनी चित्रं काढली, ती जातीजमातींप्रमाणे, प्रांतांप्रमाणे, लुगड्याच्या आणि डोक्यावरच्या वस्त्राच्या तऱ्हेप्रमाणे. धुरंधरांचा हात असा, की पाहताना मागची वर्गवारी विसरायला होतं. वर्गवारी मात्र तिथे आहेच.

कलाकारांना हे सगळं ठाऊक नाही असं थोडंच आहे? लाहोरच्या नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्समध्ये लघुचित्रशैली शिकून अमेरिकेत गेलेल्या शाझिया सिकंदर यांच्या १९९७च्या एका चित्राचं नावच ‘हूज व्हेल्ड एनीवे?’ असं आहे. लहानसं लघुचित्र, कडेला परंपरागत किनार, मधोमध झिरझिरीत पांढऱ्या रेघांच्या आवरणाखाली एक आकृती. प्रेक्षक तिला सरळ बाई समजतो. नीट पाहिलं की कळतं, हा जुन्या लघुचित्रांत दिसतो तसा पोलो खेळणारा पुरुष आहे, त्याच्यावरून सिकंदर यांनी बुरख्याच्या रेघा ओढल्या आहेत. जर्मनीत राहणाऱ्या पारस्तू फोरूहर यांनी २००१च्या ‘ब्लाइंड स्पॉट’मध्ये चादोरीतून एका टकलू पुरुषाचं पाठमोरं डोकं बाहेर काढलं. त्यांच्या आईवडिलांची, दोघेही राजकीय कार्यकर्ते, नोव्हेंबर १९९८मध्ये तेहरानच्या राहत्या घरी हत्या झाली होती. इराणची राजवट काय करू शकते हे त्यांना कुणी पुस्तिकेतून समजावायची गरज नाही. तरीही चादोरीचं चित्र काढताना त्यांनी रडकी नायिका काढली नाही, प्रेक्षकाची फजिती केली.

लाहोरचेच राशिद राणा याच फजितीला एक पायरी पुढे नेतात. त्यांच्या ‘व्हेल’ मालिकेत लांबून एक बुरखाधारी बाई दिसते, अफगाणी धाटणीच्या, जाळीच्या बुरख्यातली. दोन पावलं पुढे गेलं की ती आकृती विरघळते आणि दिसतात हजारो चिमुकली अश्लील छायाचित्रं, ज्यांच्या ठिपक्यांतून तो बुरखा विणलेला आहे. पाश्चात्त्य पुरुषाच्या संगणकावरची बाई आणि त्याच्या वृत्तपत्रातली बाई एकाच जागी कोंबून राणा विचारतात की यांतली कोणती कोणाची ओळख? दोन्ही प्रतिमा बाजारातून आल्या आहेत आणि दोन्ही ठिकाणी बाईला कुणी विचारलेलं नाही. या चित्राखाली सांस्कृतिक ओळखीची चिठ्ठी लावणाऱ्या माणसानं बहुधा ती दोन पावलं टाकलेली नसतात.

तक्रार अशी केली जाईल की ही सगळी उदाहरणं उपरोधाची आहेत, आनंदानं आणि अभिमानानं डोकं झाकणाऱ्या बाईला यात जागा नाही. आहे की. छायाचित्रकार हसन हज्जाज यांच्या ‘केश एंजल्स’मध्ये मराकेशच्या बायका मोटारसायकलींवर ऐटीत बसल्या आहेत. अंगात भडक नक्षीचे जेलाबा, तोंडावर पडदा, डोळ्यांवर गॉगल, कापडावर नामांकित कंपन्यांच्या चिन्हांची नक्कल, आणि छायाचित्राची चौकटच मुळी सोड्याच्या आणि खाद्यपदार्थांच्या डब्यांची. न्यूयॉर्कमधल्या प्रेक्षकांना बुरखा आणि मोटारसायकल यांची ही जोडी अजब वाटली. मराकेशमध्ये दुचाकीवरून भुर्रकन जाणारी बाई ही रोजची गोष्ट आहे, आणि यांतल्या काही जणी जेमा अल-फना चौकात पर्यटकांच्या हातांवर मेंदी काढून पोट भरतात. त्यांच्या चेहऱ्यावर मौज आहे, धंद्याची हुशारी आहे, कॅमेऱ्याशी चाललेली मस्करी आहे. यातून ओळख काढायचीच असेल तर ‘मेंदीवाली’ ही ओळख जास्त खरी ठरेल.

उलट, ओळखवाद्यांचं विधान जिथे नीट लागू पडतं, तिथली कलाकृती दुबळी निघते. कादेर अत्तिया यांचं ‘घोस्ट’ हे २००७चं मांडणशिल्प प्रसिद्ध आहे. अॅल्युमिनियमच्या चकचकीत कागदात माणसं लपेटून साचे केलेले. गुडघे टेकून नमाज पढत असलेल्या बायकांच्या रांगाच्या रांगा. मागून पाहिलं तर चमचमती गर्दी. फेरी मारून समोर यावं तर प्रत्येक आकृती पोकळ. पहिल्या क्षणी अंगावर येतं हे खरं. दुसऱ्या क्षणी विचारावंसं वाटतं की मग? बाई गेली, आवरण उरलं, एवढं सांगायला शेकडो आकृती कशाला? अत्तिया यांची इतर कामं याहून कितीतरी गुंतागुंतीची आहेत. पण संग्रहालयांना भावतं ते हेच, कारण त्यात वाद नाही आणि हुकूम देणाराही कुठे दिसत नाही.

याच्या शेजारी येमेनच्या बुशरा अल-मुतवक्कल यांचं २०१०चं ‘मदर, डॉटर, डॉल’ ठेवून पाहावं. नऊ छायाचित्रं. पहिल्यात रंगीत रुमाल बांधलेली आई, मांडीवर मुलगी, मुलीच्या हातात बाहुली, सगळ्या हसताहेत. पुढच्या प्रत्येक चौकटीत कापड थोडं वाढतं, रंग थोडा जातो, हसू थोडं मावळतं. बाहुलीही झाकली जाते. शेवटची चौकट नुसती काळी, तिथे कुणीच नाही. अत्तिया यांची पोकळी आणि ही पोकळी सारखी वाटेल, पण इथे ती एका दमात येत नाही. पायरी-पायरीनं येते, आणि नेमकी कोणती पायरी जास्त झाली हे पाहणारीला स्वतः ठरवावं लागतं. पहिल्या चौकटीतलं डोकंही झाकलेलंच आहे आणि तिथे आई सुखात आहे, हे विसरून या मालिकेला सरसकट हिजाबविरोधी म्हणणारे आणि तेवढंच धरून तिला ओळखीचा उत्सव म्हणणारे, दोघंही नऊ चौकटींतली एकेकच पाहताहेत.

हा प्रश्न आता मराठी मुलुखातही दाराशी आला आहे, त्यामुळे एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. चेंबूरच्या एका महाविद्यालयानं २०२४ साली पेहरावाचे नियम करून हिजाबला मनाई केली. मुंबई उच्च न्यायालयानं विद्यार्थिनींची याचिका फेटाळली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं हिजाबबंदीला अंतरिम स्थगिती दिली, वर्गात बुरख्याला मात्र मुभा दिली नाही. विद्यार्थ्यांचा धर्म उघड होऊ नये म्हणून हा नियम, असा महाविद्यालयाचा युक्तिवाद होता. मग नावांवरून धर्म कळत नाही का, असं न्यायालयानं विचारलं. अशा काळात हिजाबला ओळख म्हणू नका असं सांगणं म्हणजे त्या मुलींच्या पायाखालची जमीन काढून घेणं नव्हे का, हा तो आक्षेप.

नाही. उडुपीच्या महाविद्यालयातल्या हिजाबबंदीच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं विभागली गेली, तेव्हा मुलींच्या बाजूनं निकाल देणाऱ्या न्यायमूर्ती सुधांशू धुलियांनी हिजाब ही धर्माची अत्यावश्यक बाब आहे की नाही या वादात अडकायला नकार दिला. हा शेवटी त्या मुलीच्या निवडीचा प्रश्न आहे आणि तिचं शिक्षण थांबता कामा नये, असा त्यांचा रोख होता. मुलीच्या बाजूनं उभं राहायचं ते असं, तिला स्वतंत्र व्यक्ती मानून. रुमालाला संस्कृतीची ओळख ठरवलं की तो मुलीच्या हातातून निसटतो आणि संस्कृतीच्या राखणदारांकडे जातो. मग तो बांधायचा की सोडायचा हे कळायला तिला विचारायची गरजच उरत नाही.

मुंबईच्या रुम्माना हुसेन यांनी हे सगळं फार आधी करून दाखवलं. १९५२ साली बेंगळुरूला जन्मलेल्या हुसेन डिसेंबर १९९२पर्यंत चित्रं रंगवत होत्या. बाबरी पाडली गेली, मुंबईत दंगली झाल्या, आणि ज्या नावाचा तोवर कधी विचारही करावा लागला नव्हता ते नावच एकाएकी धोक्याचं झालं. हुसेन कॅनव्हासपासून दूर झाल्या आणि मांडणशिल्प व सादरीकरणाकडे वळल्या. १९९८च्या ‘इज इट व्हॉट यू थिंक?’ या सादरीकरणात त्या प्रेक्षकांसमोर बसून एका अनाम मुस्लिम बाईबद्दल प्रश्नांमागून प्रश्न विचारत जातात. ती कुठली, तिचा विश्वास कशावर, ती काय घालते, का घालते. उत्तर एकाचंही देत नाहीत. त्या वेळी त्यांना कर्करोग झालेला होता आणि त्या आजारानं शरीराचं जे केलं होतं तेही त्यांनी झाकलं नाही. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. या कामाला मुस्लिम ओळखीची कला म्हणण्याची पद्धत आहे. पण तिथे ओळख आहे ती प्रेक्षकाच्या डोक्यात शिजलेली, आणि प्रत्येक प्रश्नागणिक ती बाहेर काढून त्याच्याच पुढ्यात ठेवली जाते.

ओळखवाद्यांवर एवढं तोंडसुख घेतल्यावर नेशात यांच्या टीकाकारांचंही एक म्हणणं मान्य करायला हवं. इराणी कलावर्तुळात त्यांच्यावर जुना आरोप आहे, की पश्चिमेला जी काळी, गूढ, सशस्त्र बाई पाहायची असते ती त्यांनी पुरवली आणि नंतरच्या कित्येकांना तीच वाट खुणावत राहिली. आरोपात तथ्य आहे. चादोर असल्याशिवाय इराणी छायाचित्र परदेशी दालनात पोचत नाही, अशी तक्रार करणाऱ्या तरुण कलाकारांचं काही चुकत नव्हतं. मात्र हे खापर नेशात यांच्या एकटीच्या डोक्यावर फोडता येणार नाही. १९९९च्या व्हेनिस बिएनालेमध्ये त्यांना पुरस्कार मिळाला तो ‘टर्ब्युलंट’साठी, आणि त्याचा विषय कापड नव्हे, आवाज आहे. समोरासमोर दोन पडदे. एकावर पुरुष गातो आणि सभागृह भरलेलं आहे, दुसऱ्यावर बाई रिकाम्या खुर्च्यांपुढे शब्दांवाचून गाते, कारण पुरुषांच्या देखत बाईच्या एकल गाण्याला इराणमध्ये मनाई आहे. त्यातली बाई चादोरीत आहे एवढंच पाहून पुढे जाणाऱ्यांना ते गाणं ऐकूच गेलं नाही.

हिजाब नीट घातला नाही म्हणून पोलिसांनी पकडलेल्या जिना महसा अमिनी यांचा १६ सप्टेंबर २०२२ रोजी तेहरानमध्ये मृत्यू झाल्यावर नेशात यांची नव्वदच्या दशकातली छायाचित्रं ‘स्त्री, जीवन, स्वातंत्र्य’ या घोषणेसह लंडनच्या पिकॅडिली सर्कसमधल्या महाकाय पडद्यावर झळकली. हेतू निर्विवाद चांगला होता. पण रस्त्यावरच्या मुली डोक्यावरचे रुमाल काढून जाळत असताना त्यांच्या बाजूनं झळकली ती तीस वर्षांपूर्वीची चादोर, हा विरोधाभासही नजरेआड करण्यासारखा नव्हता. ओळख एकदा चिकटली की ती प्रतिमेला काळाबरोबर हलूच देत नाही.

उपाय फार अवघड नाही. बुरख्याच्या छायाचित्राशेजारी संस्कृती या शब्दाऐवजी चार साध्या गोष्टी लिहाव्यात: साल कोणतं, त्या साली तिथे कायदा काय होता, कॅमेरा कुणाच्या हातात होता, आणि हे चित्र कुठे दाखवता आलं नसतं. गाराँजे यांच्या छायाचित्राखाली नुसतं ‘अल्जीरियन स्त्री, १९६०’ असं लिहिणं म्हणजे त्या ओळखपत्राचाच अर्ज भरणं. तिथे लष्कराचा हुकूम होता, चेहरा उघडायला लावला होता आणि नकाराची सोय नव्हती, हे दोन ओळींत बसतं. भिंतीवर इतका मजकूर कुणी वाचत नाही, अशी सबब दालनांचे लोक पुढे करतील. जागेचीच अडचण असेल तर प्रायोजकांची यादी थोडी आखूड करता येईल.